'ढ' हे अक्षराचे नाव आहे, मुलाचे नव्हे

मराठी वर्णमालेतील एका अक्षराच्या नशिबी शिवी होणे आले. ते अक्षर म्हणजे 'ढ'. अशोककालीन ब्राह्मीपासून आजच्या देवनागरीपर्यंत येताना इतर अक्षरांची वळणे ओळखू येणार नाहीत इतकी पालटली. 'ढ' मात्र जवळजवळ होता तसाच राहिला. म्हणून ज्याच्यात प्रगती नाही तो 'ढ', अशी या शब्दाची उपपत्ती सांगतात. ती खरी असो वा नसो, वर्गात हा शब्द उच्चारला जातो तेव्हा घडते ते असे: ज्या मुलाची सारी शक्ती ट, ठ, ढ आणि द ही अक्षरे एकमेकांपासून वेगळी ओळखण्यातच खर्ची पडते, त्याच मुलाला आपण त्यांतल्या एका अक्षराचे नाव देतो आणि वर्ग हसतो.

हे लिहिण्याचे कारण असे की डिस्लेक्सिया, एडीएचडी किंवा स्वमग्नता यांविषयीच्या संशोधनाची बातमी राष्ट्रीय वृत्तपत्रांत आली की सुशिक्षित मंडळींकडून चार ठरावीक वाक्ये ऐकू येतात. 'आमच्या वेळी असले काही नव्हते.' 'हा सगळा मोबाइलचा परिणाम.' 'आईबापांनी लाडावून ठेवले आहे, दोन रट्टे द्या म्हणजे सरळ होईल.' आणि शेवटचे, 'परीक्षेत जादा वेळ मिळवण्याची ही पैसेवाल्यांची युक्ती आहे.' चांद्रयानाच्या बातमीपुढे हीच मंडळी नम्र असतात. कक्षेचे गणित आपल्याला येत नाही, हे त्यांना ठाऊक असते. मुलांच्या मेंदूची गोष्ट निघाली की मात्र प्रत्येक जण तज्ज्ञ होतो. कारण प्रत्येकाने कधीतरी एखादे मूल वाढवलेले असते, निदान स्वतः कधीतरी मूल असतो. तेवढ्या पात्रतेवर एखाद्याचे बालपण निकालात काढले जाते. या चारही वाक्यांना आज उत्तर द्यायचे आहे.

प्रथम, आपण कोणाविषयी बोलतो आहोत हे स्पष्ट असू द्या. विशिष्ट अध्ययन अक्षमता म्हणजे बुद्धी सर्वसाधारण किंवा त्याहूनही चांगली, डोळे व कान ठीक, शिकवणे पुरेसे. तरीही वाचन, लेखन किंवा गणित यांपैकी एखादी गोष्ट वयाच्या मानाने फार मागे राहणे. वाचनाच्या अडचणीला डिस्लेक्सिया, लेखनाच्या अडचणीला डिसग्राफिया आणि अंकांच्या अडचणीला डिसकॅल्क्युलिया म्हणतात. एडीएचडी म्हणजे लक्ष टिकवणे, एका जागी थांबणे आणि आवेग आवरणे या तीन गोष्टींत वयाच्या मानाने येणारी सततची अडचण. ती घरीही दिसते, शाळेतही दिसते. यांपैकी काहीही मतिमंदत्व नव्हे, वेड नव्हे आणि संस्कारांचा अभावही नव्हे. आपल्याकडे मात्र या सर्वांची एकच मोट बांधली जाते आणि तिच्यावर 'वाया गेलेला' अशी चिठ्ठी चिकटवली जाते.

आता पहिले वाक्य. 'आमच्या वेळी असले काही नव्हते.' तुमची वेळ नेमकी कोणती? ज्या वर्षी मुंबईत प्लेग शिरला त्या १८९६ साली इंग्लंडमधील डॉक्टर प्रिंगल मॉर्गन यांनी एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात चौदा वर्षांच्या एका मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. मुलगा चलाख, खेळात तरबेज, बीजगणितही जमणारा. पण वर्षानुवर्षे शिकवूनही त्याला साधे शब्द वाचता येत नव्हते. त्याच्या शिक्षकाचे मत असे की सारे शिक्षण तोंडी असते तर हा मुलगा शाळेत सर्वांत हुशार ठरला असता. तेव्हा रेडिओही नव्हता. त्यानंतर सहाच वर्षांनी, १९०२ साली, लंडनच्या जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने आपल्या व्याख्यानांत ज्यांना स्वतःचे वागणे आवरता येत नाही, पण ज्यांची बुद्धी शाबूत आहे, अशा मुलांचे वर्णन केले. त्यावरही आता सव्वाशे वर्षे होत आली.

'आमच्या वेळी' ही मुले नव्हती असे नाही. ती वर्गात टिकत नव्हती. चौथीत, सातवीत नापास होऊन ती शेतावर, दुकानात, कारखान्याच्या फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर गेली. मुलगी असली तर तिचे लग्न झाले. बाकावरून उठून गेलेल्यांची मोजदाद बाकावर बसून राहिलेल्यांनी कधीच केली नाही. आज ते निवृत्तीनंतर अभिमानाने सांगतात की आमच्या वर्गात असा कोणी नव्हता. वर्गाचा जुना फोटो काढून पाहा. मागच्या रांगेत कडेला उभी असलेली दोन-तीन नावे तुम्हाला आठवत नाहीत ना? ती हीच.

दुसरे वाक्य मोबाइलचे. मोबाइलचा अतिरेक वाईट, त्याने झोप उडते, चिडचिड वाढते, हे मान्य. पण जे मोबाइलने बिघडते आणि जे जन्मतः वेगळे घडते, त्यांत फरक आहे. एडीएचडी आणि डिस्लेक्सिया या दोन्हींत आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, हे जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून पुन्हापुन्हा दिसले आहे. २०२२ साली डिस्लेक्सियाचे निदान झालेल्या ५१,८०० प्रौढांच्या आणि तसे निदान नसलेल्या दहा लाखांहून अधिक प्रौढांच्या जनुकांची तुलना प्रसिद्ध झाली. तिच्यात डिस्लेक्सियाशी निगडित ४२ जनुकस्थाने आढळली. यांतले कोणतेही एक जनुक 'डिस्लेक्सियाचे जनुक' नाही. लहान लहान परिणामांची ती बेरीज आहे. म्हणूनच वाचनात अडखळणाऱ्या मुलाचे वडील किंवा काका पुष्कळदा खाली मान घालून सांगतात, 'लहानपणी मलाही असेच व्हायचे.'

एडीएचडीबाबतचे एक निरीक्षण तर प्रत्येक शिक्षकाने ध्यानात ठेवावे असे आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतील फिलिप शॉ व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली एडीएचडी असलेल्या २२३ मुलांच्या मेंदूची वाढ इतर २२३ मुलांच्या वाढीशी ताडून पाहिली. मेंदूच्या बाह्यपटलाची जाडी इतर मुलांत साधारण साडेसातव्या वर्षी जो टप्पा गाठते, तो या मुलांत साडेदहाव्या वर्षाच्या सुमारास गाठला जातो, असे दिसले. उशीर सर्वांत जास्त होता तो कपाळामागच्या, म्हणजे लक्ष आणि आवेग यांना लगाम घालणाऱ्या भागात. उलट हालचाल घडवणारा भाग मात्र किंचित आधीच पक्व झालेला होता. म्हणजे घोडा वेळेआधी तयार आणि लगाम तीन वर्षे उशिरा. असे मूल तिसरीच्या वर्गात चाळीस मिनिटे हाताची घडी घालून बसत नाही, याला आपण 'उद्धटपणा' म्हणतो.

तिसरे वाक्य रट्ट्यांचे. भिलाईत राहणाऱ्यांना तरी ते शोभत नाही. या गावाने देशाला रूळ दिले. १३० मीटर लांबीचा अखंड रूळ इथे ओढला जातो, असे दोन जोडून २६० मीटरचा होतो, आणि तो बाहेर पडण्याआधी त्याच्या पोटातून ध्वनिलहरी पाठवून आत कुठे भेग आहे का हे तपासले जाते. वरून गुळगुळीत दिसतो म्हणून कोणी तो पास करत नाही. आत काही आढळले तर कोणी त्या रुळाला आळशी म्हणत नाही आणि घणाचे घाव घालून तो सुधारेल असेही मानत नाही. वितळवताना, ओतताना, थंड होताना काय झाले, याची चौकशी होते. आठ तासांच्या पाळीत लोखंडाशी इतक्या विवेकाने वागणारी माणसे संध्याकाळी घरी येऊन मुलाचे प्रगतिपुस्तक उघडतात आणि विचारतात, 'लक्ष कुठे असते तुझे?' मूल रूळ नव्हे, त्याच्यात दोष शोधायचा नसतो, हे खरेच. पण निदान लोखंडाच्या वाट्याला येते तेवढी चौकशी तरी त्याच्या वाट्याला यावी.

शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने २००९ सालीच शाळेतील शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी घातली आहे. पण कायद्याचा धाक बाजूला ठेवला तरी साधा व्यवहार सांगतो की माराने अक्षर ओळखता येत नाही. माराने फक्त अक्षराची भीती बसते. वाचनात अडखळणाऱ्या मुलाला लाभ होतो तो ध्वनी आणि अक्षर यांचा संबंध क्रमाक्रमाने, उघड करून, हात-डोळा-कान तिन्ही वापरून शिकवल्याने. एडीएचडी असलेल्या मुलाला लाभ होतो तो छोट्या सूचनांनी, कामाचे तुकडे पाडल्याने, मध्ये हालचालीला वाव दिल्याने, चांगल्या वागण्याची तिथल्या तिथे दखल घेतल्याने, पालकांना प्रशिक्षण दिल्याने आणि गरज असेल तिथे तज्ज्ञाच्या देखरेखीखाली दिलेल्या औषधाने. औषध म्हणताच 'मुलाला गुंगी देतात' अशी हाकाटी होते. या औषधांनी भूक मंदावते, झोप लांबते, म्हणूनच देखरेख हवी. पण १९३७ साली चार्ल्स ब्रॅडली यांनी अशा मुलांवरील उत्तेजक औषधाच्या परिणामाची नोंद केली तेव्हापासून या उपचारपद्धतीचा अभ्यास चालू आहे. ती काल आलेली फॅशन नव्हे. मधुमेही मुलाला इन्शुलिन देणाऱ्या आईला कोणी दोष देत नाही. मग या आईलाच का?

येथे आपल्या लिपीचा आणि आपल्या गावाचा प्रश्न येतो, आणि तो इंग्रजीतल्या पुस्तकांत सापडत नाही. 'कि' हे अक्षर पाहा. उच्चारात आधी क् आणि मग इ. लिहिताना मात्र वेलांटी आधी आणि क नंतर. उकार खाली, मात्रा वर, काना उजवीकडे, ऱ्हस्व वेलांटी डावीकडे. घ आणि ध, भ आणि म, ब आणि व यांच्यांत एका रेघेचे अंतर. जोडाक्षरे तर वेगळीच. सव्वीस अक्षरांत आटोपणाऱ्या इंग्रजीच्या तुलनेत भारतीय लिप्यांत मुलाला शेकडो अक्षररूपे आत्मसात करावी लागतात आणि त्याला शाळेची कित्येक वर्षे लागतात, हे सोनाली नाग यांच्या कन्नड वाचनावरील अभ्यासाने दाखवून दिले आहे. ज्याला मुळातच ध्वनी आणि चिन्ह यांची सांगड घालणे जड जाते, त्याच्यापुढे हा केवढा डोंगर असतो, याची कल्पना करा.

त्यात भिलाईतल्या मराठी घरातले मूल. १९५६ पर्यंत या भागाची राजधानी नागपूर होती. पुढे कारखान्याने आणखी मराठी कुटुंबे इथे आणली. आज घरात मराठी, गल्लीत छत्तीसगढी, बाजारात हिंदी आणि शाळेत इंग्रजी, अशा चार भाषांत ते मूल दिवस काढते. हिंदी आणि मराठीची लिपी एकच, म्हणून सोपे जाईल असे आपल्याला वाटते. पण घरच्या भाषेतला 'ळ' शाळेच्या हिंदीत नाही; 'चाक' आणि 'चिमणी' यांतला 'च' मराठीत दोन तऱ्हांनी उच्चारला जातो, हिंदीत एकाच. बहुतेक मुले हे सारे सहज पेलतात. काहींना ते पेलत नाही. ज्यांना पेलत नाही त्यांची तपासणी होते ती बहुधा इंग्रजीत, म्हणजे त्यांच्या चौथ्या भाषेत. मग अडचण भाषेच्या अपरिचयाची की वाचनाच्या मूळ यंत्रणेची, हे कळायचे कसे?

या प्रश्नावर देशातच काम झाले आहे. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात नंदिनी चॅटर्जी सिंग यांच्या नेतृत्वाखाली 'डाली' ही भारतीय भाषांसाठीची डिस्लेक्सिया चाचणी तयार झाली आणि २०१५ साली ती प्रकाशात आली. हिंदी, कन्नड, इंग्रजी आणि मराठी, अशा चार भाषांत. पहिली-दुसरीसाठी वेगळी चाळणी, तिसरी ते पाचवीसाठी वेगळी, आणि ही प्राथमिक चाळणी वर्गशिक्षकाला करता येते. २०२२ साली केंद्र सरकारने 'प्रशस्त' नावाचे मोबाइल ॲपही शिक्षकांच्या हाती दिले. कायद्यातील एकवीसही दिव्यांगत्वांच्या खुणा टिपण्यासाठी ते आहे. म्हणजे मराठी मुलाची पारख मराठीत करण्याचे साधन आपल्या करदात्यांच्या पैशातून तयार झाले. तुमच्या मुलाच्या शाळेत त्याचे नाव तरी कोणी ऐकले आहे का, एवढे विचारून पाहा.

एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. मागे पडलेले प्रत्येक मूल अध्ययन अक्षम नसते. चष्म्याचा नंबर, कमी ऐकू येणे, रिकामे पोट, घरातली भांडणे, शिक्षकांची रिक्त पदे, अशी कारणे असू शकतात. 'असर'च्या २०२२ च्या पाहणीत ग्रामीण भारतातील पाचवीच्या केवळ ४३ टक्क्यांच्या आसपास मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. इतक्या मोठ्या संख्येला डिस्लेक्सिया असू शकत नाही. तो शिकवण्याचा दोष आहे. पण यातूनच दुहेरी अन्याय होतो. जिथे निम्म्याहून अधिक वर्ग वाचू शकत नाही, तिथे ज्याला खरोखर वेगळ्या पद्धतीने शिकवण्याची गरज आहे तो गर्दीत हरवतो. आणि जिथे सारा वर्ग खडाखडा वाचतो, तिथे तो एकटाच 'ढ' ठरतो. दोन्हीकडे कोणी त्याची तपासणी करत नाही.

आणि ही संख्या मूठभर नाही. पलवल, कांगडा, ढेंकानाल, हैदराबाद आणि आपला उत्तर गोवा अशा पाच ठिकाणच्या ३,९६४ मुलांची तपासणी करून २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सहा ते नऊ वर्षे वयाच्या १३.६ टक्के मुलांत चेतासंस्थेच्या विकासाशी संबंधित किमान एक अडचण आढळली. अध्ययन अक्षमता, एडीएचडी, स्वमग्नता, श्रवणदोष, अपस्मार वगैरे सर्व मिळून हा आकडा आहे. म्हणजे साधारण सातांत एक. उलट २०११ च्या जनगणनेने सर्व वयांच्या, सर्व प्रकारच्या दिव्यांगांचे प्रमाण २.२१ टक्के नोंदवले. त्या जनगणनेच्या यादीत अध्ययन अक्षमतेला स्वतंत्र रकानाच नव्हता. जे मोजलेच नाही ते नाही असे मानणे, हा आपला राष्ट्रीय सराव आहे.

आता चौथे वाक्य, सर्वांत विषारी. 'सवलती लाटण्याची युक्ती.' महाराष्ट्राने १९९६ पासून शालान्त परीक्षेत अशा विद्यार्थ्यांना सवलती दिल्या, पुढे केंद्रीय मंडळांनीही दिल्या. वाढीव वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, एवढेच त्यांचे स्वरूप. चष्मा लावलेल्या मुलाला कोणी म्हणत नाही की काचा लावून तू इतरांवर कुरघोडी केलीस. ज्याला एक ओळ वाचायला इतरांच्या दुप्पट वेळ लागतो, त्याला तासामागे वीस मिनिटे अधिक दिली तर तो पुढे जात नाही. फक्त त्याला काय येते ते कागदावर उतरते. परीक्षा ज्ञानाची आहे की लेखणीच्या वेगाची, एवढे आपण ठरवले तर हा वाद उरणार नाही.

युक्ती कोण कोणाशी करते हे पाहायचे असेल तर २०२१ सालचे दोन निकाल वाचा. ११ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने लोकसेवा आयोगाच्या एका उमेदवाराच्या खटल्यात सांगितले की लेखनिकाची सोय केवळ चाळीस टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असलेल्यांपुरती मर्यादित ठेवता येणार नाही. गैरवापराच्या भीतीपोटी खऱ्या गरजूचा हक्क हिरावता येणार नाही. त्याच वर्षी २३ नोव्हेंबरला दुसरा निकाल आला. तो डिसग्राफिया असलेल्या एका विद्यार्थिनीचा होता. वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेत तिला नियमाने एक तास अधिक मिळायला हवा होता. मुंबईतल्या परीक्षा केंद्रावर तो नाकारला गेला आणि इतरांबरोबरच तिची उत्तरपत्रिका काढून घेतली गेली. सर्वोच्च न्यायालयाने तिच्यावर अन्याय झाला हे मान्य केले, परीक्षा घेणाऱ्या राष्ट्रीय संस्थेला उपाय योजण्यास सांगितले आणि स्पर्धा परीक्षांत असे व्हायचेच म्हणून एका व्यक्तीवरचा अन्याय विसरता येणार नाही, असे बजावले. पण फेरपरीक्षा मात्र मिळाली नाही. एवढ्या मोठ्या परीक्षेत एक तास गेला आणि तो परत मिळवायला देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. ही सवलत लाटणाऱ्याची कहाणी आहे का?

समाजाचे मन कळते ते तो कशावर हसतो यावरून. मार्च २०१९ मध्ये स्मार्ट इंडिया हॅकेथॉनच्या अंतिम फेरीत एक विद्यार्थिनी पंतप्रधानांना डिस्लेक्सिया असलेल्या मुलांसाठी केलेल्या आपल्या प्रकल्पाची माहिती देत होती. चाळीस-पन्नास वर्षांच्या मुलालाही याचा उपयोग होईल का, असा प्रश्न पंतप्रधानांनी केला. रोख राजकीय प्रतिस्पर्ध्याकडे आहे असे ऐकणाऱ्यांनी ओळखले आणि समोरचे विद्यार्थी हसले. दिव्यांगांच्या संघटनांनी निषेध केला. मला येथे कोणत्याही पक्षाची बाजू घ्यायची नाही. विरोधकाला मतिमंद, वेडा, बहिरा म्हणण्याचे व्यसन सर्वपक्षीय आहे आणि आपल्या घरातल्या दूरचित्रवाणीसमोरही ते चालते. मला बोचते ते हसणे. ती देशातली निवडक, बुद्धिमान, विज्ञान शिकणारी मुले होती. त्यांच्यातही, संख्येचा नियम पाहता, लहानपणी 'ढ' म्हणून हिणवले गेलेले कोणी असणारच. तेही बहुधा हसले असतील. कारण अशा वेळी न हसणारा ओळखू येतो.

कायद्याने आपले काम बरेचसे केले आहे. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला आणि त्याच्या एकवीस प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता व स्वमग्नता यांचा समावेश झाला. दिव्यांग व्यक्तीचा चारचौघांत जाणीवपूर्वक अपमान करणे हा कलम ९२ प्रमाणे सहा महिने ते पाच वर्षे शिक्षेचा गुन्हा आहे. शाळेत जाणाऱ्या मुलांची दर पाच वर्षांनी पाहणी करावी, पहिली पाहणी कायदा लागू झाल्यापासून दोन वर्षांत करावी, असे कलम १७ सांगते. म्हणजे एप्रिल २०१९ पूर्वी. तुमच्या वॉर्डात, तुमच्या शाळेत अशी पाहणी करायला कोण आले होते?

त्याच कायद्यात फटीही आहेत. एडीएचडीचे नाव त्या एकवीसांत नाही. त्यामुळे वागणुकीच्या अडचणींसाठी सर्वांत जास्त मार खाणारे मूल प्रमाणपत्राच्या दाराबाहेरच उभे राहते. अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र वयाच्या आठव्या वर्षापासून मिळते. 'ढ' ही पदवी मात्र पाचव्या-सहाव्या वर्षीच बहाल होते. मधली वर्षे मूल एकटे लढते. प्रमाणपत्र परीक्षेच्या सवलतीसाठी लागते. प्रेमाने आणि पद्धतशीर शिकवण्यासाठी कोणत्याही शिक्क्याची गरज नाही, हे शाळांना कोणीतरी सांगितले पाहिजे. विशेष शिक्षकांबाबत तर सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये प्राथमिक स्तरावर दहा विद्यार्थ्यांमागे एक आणि माध्यमिक स्तरावर पंधरांमागे एक असे प्रमाण घालून दिले. मार्च २०२५ मध्ये त्याच न्यायालयाला राज्यांना पुन्हा बजावावे लागले की आधी पदे तरी मंजूर करा.

आणि भिलाई? हे गाव निर्दय नाही. 'स्नेह संपदा', 'प्रयास', 'मुस्कान' या दिव्यांग मुलांसाठीच्या उपक्रमांना कारखान्याचा आधार मिळाला आहे. जवळच राजनांदगावात दिव्यांगांच्या पुनर्वसनासाठी केंद्र सरकारचे प्रादेशिक केंद्र आहे. ज्याचे वेगळेपण डोळ्यांना दिसते त्याला आपण हात देतो. पण ज्याचे दिसत नाही, जो सर्वांसारखाच गणवेश घालून सर्वांबरोबर शाळेत जातो, त्याच्यासाठी आपल्याजवळ केवळ उपदेश आहे. याचे कारण आपल्या अभिमानातच आहे. अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षांचे निकाल हा या गावाचा सण आहे. चौकाचौकांत फलक लागतात, फोटो झळकतात. २०१६ साली आपल्याला आयआयटी मिळाली तेव्हा आपण म्हणालो की आता घराशेजारीच स्वर्ग आला. त्याच वर्षी संसदेने तो कायदाही केला, ज्याने उच्च शिक्षणसंस्थांत दिव्यांगांसाठी पाच टक्के जागा ठेवल्या. म्हणजे त्या स्वर्गाचे दार कागदोपत्री या मुलांसाठीही उघडे आहे. पण त्या दारापर्यंत पोचायचे तर आधी तिसरीचा वर्ग सुखरूप पार करावा लागतो, आणि तिथेच आपण त्याला मोडतो.

म्हणून मागणे थोडके आहे. प्रत्येक शाळेत पहिली ते पाचवीच्या वर्गांत मुलाच्या भाषेतली चाळणी दर वर्षी व्हावी; साधने तयार आहेत, शिक्षकांना दोन दिवसांचे प्रशिक्षण पुरेल. प्रमाणपत्रासाठी आईला कामाचे दिवस बुडवून शहरोशहरी फिरावे लागू नये. जिल्हा रुग्णालयात ठरलेल्या वारी तज्ज्ञ मंडळ बसावे. विशेष शिक्षकांची पदे कागदावर नव्हे, शाळेत दिसावीत. एडीएचडीला कायद्याच्या यादीत स्थान मिळावे. आणि शिक्षकांच्या खोलीत, पालकसभेत, लग्नाच्या पंगतीत या मुलांविषयी बोलताना आपण जी भाषा वापरतो ती आजपासून बदलावी. या शेवटच्या मागणीला सरकारी मंजुरी लागत नाही.

ज्या आईवडिलांनी हे इथवर वाचले आणि मनात आपल्याच मुलाचा चेहरा पाहिला, त्यांच्यासाठी दोन शब्द. तुमचे काही चुकलेले नाही. मुलाला बालरोगतज्ज्ञाकडे न्या, आधी डोळे आणि कान तपासा, मग मानसशास्त्रज्ञाला दाखवा. शाळेला लेखी विचारा, आणि उत्तरही लेखीच मागा. घरी त्याला पुस्तक वाचून दाखवा. वाचता न येणे म्हणजे गोष्ट न कळणे नव्हे. आणि आज रात्री, गृहपाठाची वही बाजूला ठेवून, त्याला जे उत्तम येते ते तुम्हाला करून दाखवायला सांगा. चित्र असेल, सायकल खोलून जोडणे असेल, कॅरम असेल. पुष्कळ दिवसांत त्याला कोणी तसे सांगितलेले नाही.

इतर सर्वांसाठी पुन्हा त्या अक्षराची गोष्ट. दोन हजारांहून अधिक वर्षांत वळण न बदलल्यामुळे ज्याला आपण शिवी केले, ते अक्षर नेमके कोणाला शोभते? मूल तर रोज प्रयत्न करते आहे. सहा तास शाळेत, दोन तास शिकवणीत, तासभर बोलणी खात. १८९६ पासून आजवर आपल्यासमोर पुरावे आले, चाचण्या आल्या, कायदा आला, न्यायालयाचे निकाल आले. तरीही ज्याच्यात तसूभर प्रगती झाली नाही, तो आपला समज आहे. ते अक्षर कोणाला द्यायचेच असेल तर त्याला द्या, आणि मुलाला त्याच्या नावाने हाक मारा.